दुसरं पाकीट

३ मार्च, मंगळवार

घरी खोल्या दोन, माणसं तीन. त्यातून सासूबाईंना आतून कडी लावलेली खपत नाही. कडी वाजली की बाहेरून लगेच, "बरं नाही का गं?" म्हणून ही डायरी लॅबच्या स्टोअरमध्ये, हातमोज्यांच्या खोक्यांवर बसून लिहायची असं ठरवलंय. इथली किल्ली माझ्याकडे आहे. अख्ख्या जगात मला आतून बंद करता येणारं हे एकच दार.

नवा प्रकल्प सुरू झालाय, तर त्याचंच लिहिते. ट्रायकोमोनास. बायकांच्या अंगात राहणारा एकपेशी जीव, पुरुषांच्याही राहतो, पण त्यांना बहुतेक वेळा पत्ताच नसतो. शरीरसंबंधातून जातो, आठवडाभर गोळ्या घेतल्या की बरा होतो आणि तरी त्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही. आमच्या मॅडमचं म्हणणं, मायक्रोस्कोपखाली निम्म्याहून जास्त बायकांचा आजार निसटतो. म्हणून आता प्रत्येक नमुना दोनदा तपासायचा, एकदा माझ्या डोळ्यांनी आणि एकदा नव्या मशीनवर. खरोखर शंभरात किती बायकांना हा आजार आहे, ते वर्षभरात कळेल.

मशीन चालवायला जाड भिंगांचा एक जण आलाय. त्याला सगळे चष्मा म्हणतात, तोही त्या नावाला ओ देतो.

मॅडमचा एक हट्ट आहे. मशीन नीट चालतंय का बघायला प्रत्येक वेळी एक नमुना ठणठणीत बाईचा लावायचा, जो निगेटिव्हच यायला हवा. कंपनी त्यासाठी नुसतं मिठाचं पाणी देते. मॅडम म्हणतात, "पाणी कधी आजारी पडतं का? खऱ्या बाईचा नमुना हवा." खऱ्या आणि ठणठणीत बाया इथे दोनच, वरच्या बाह्यरुग्ण विभागातली सिस्टर आणि मी. पहिले तीन आठवडे सिस्टरची पाळी, मग माझी. नोकरीत काय काय द्यावं लागतं बाई!

हा उद्या टूरवरून येतोय. (नवरा. दुकानांचे, कारखान्यांचे वजनकाटे तपासतो. महिन्यातले दहा-बारा दिवस बाहेरच.)

५ मार्च, गुरुवार

आज डोकं फिरलं. जिचा नमुना पॉझिटिव्ह येतो तिला सिस्टर गोळ्यांची दोन पाकिटं देते, एक तिचं आणि एक नवऱ्याचं. दोघांनी एकाच वेळी घेतल्या तरच उपयोग, नाहीतर बरा झालेल्याला दुसऱ्याकडून पुन्हा होतो. आणि आज जिन्याखालच्या कुंडीमागे मला चार पाकिटं सापडली. न फोडलेली. सगळी नवऱ्यांची.

एक तर माझ्यासमोर टाकत होती. शिवणकाम करते, बोटावर अंगुस्तान तसंच होतं. मी म्हटलं, "अहो, हे काय करताय? फुकट आहेत म्हणून टाकायच्या?"

ती म्हणाली, "तुम्हाला काय जातंय सांगायला, बाई."

सांगायला काय जातंय! सगळं सांगायचं काम सिस्टरच करते. तिची टेप दिवसभर वरून जिन्यातून ऐकू येते: आठवडाभर गोळ्या, दारूचा थेंब नाही, एकमेकांजवळ जायचं नाही, तोंडाची चव बिघडली तरी गोळ्या सोडायच्या नाहीत. मला पाठ झालंय. आता ते कानात शिरतही नाही. या बायांनी फक्त पाकीट नवऱ्यापुढे ठेवायचंय. तेवढ्यानं जीभ झडते का?

९ मार्च, सोमवार

शनिवारी आश्चर्य घडलं. शेजारचे मिशीवाले नेहमीप्रमाणे बिअर घेऊन आले आणि ह्यानं हात लावला नाही! "पित्त झालंय." मिशीवाले बिचारे एकटेच पीत बसले, बळंबळं हसत. सासूबाईंना तर आनंद मावेना. "बघ, वय झालं की अक्कल येते."

पण पित्त खरंच वाढलंय बहुतेक. पाण्याला लोखंडाची चव लागतेय म्हणतो. चहालाही. मी चहाचं पातेलं राखेनं घासल्यासारखं घासलं, तरी तेच. मला आणि सासूबाईंना तर काही लागत नाही. सासूबाईंनी निदान केलंय की टाकीत गंज धरलाय आणि त्यांच्या लेकाची जीभ पहिल्यापासून नाजूक आहे.

१३ मार्च, शुक्रवार

चहासाठी नवं पातेलं आणलं. स्टीलचं, जाड बुडाचं. त्याचा गुण आला. काल म्हणाला, "आता बरं लागतंय." सासूबाईंनी जुनं पातेलं झाडांना पाणी घालायला काढलं.

टूरवरून आल्यापासून हा भिंतीकडे तोंड करून झोपत होता. थकवा. मी मनात म्हटलं, माझं काही चुकलं का? मागच्या महिन्यात मी त्याच्या पगारावरून बोलले होते, ते लागलं असेल. विचारलं तर म्हणे, "काही नाही गं, पित्त." आज सकाळी मात्र मागून येऊन खांद्यावर हनुवटी टेकवली. सासूबाई समोर नव्हत्या तरी मी लाजले. लग्नाला सहा वर्षं झाली आणि अजून हे असं. वेडीच आहे मी.

लॅबमध्ये विशेष काही नाही. मशीन माझ्यापेक्षा दुपटीनं पॉझिटिव्ह काढतंय. मॅडम खूश, मी जरा नाराज. इतकी वर्षं डोळे फोडले ते कशासाठी?

२३ मार्च, सोमवार

आजपासून नमुना द्यायची माझी पाळी. सिस्टरनं स्वॅब घेतला, नळीत घातला. मी म्हटलं, "ठणठणीत बाईचा ठणठणीत माल, नीट सांभाळा." सिस्टर हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. नमुना उद्याच्या रनमध्ये लागेल. रन म्हणजे मशीनमध्ये एकदम लावलेले सगळे नमुने.

२४ मार्च, मंगळवार

वाईट झालं. माझा नमुना पॉझिटिव्ह आला.

म्हणजे निगेटिव्ह यायलाच हवा तो नमुना. चष्म्यानं त्याच नळीतून पुन्हा लावला. पुन्हा तेच. मॅडम धावत खाली आल्या. "कुठून तरी दूषित झालंय सगळं." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण नळ्या मी भरते. चष्मा म्हणाला, "एका नळीतलं दुसऱ्या नळीत गेलं असणार. हातमोजे बदलले नसतील." मी म्हटलं, "तू भिंगं बदल आधी!" ओरडायला नको होतं.

पण मी मोजे बदलते. प्रत्येक नळीला. कुणीही शपथ घालून विचारावं.

मॅडमनी काम थांबवलं. आजच्या रनमधल्या बायकांचे निकाल रद्द, त्यांना गोळ्या देणंही बंद. मागचे निकाल खरे का खोटे ते कळेपर्यंत मागच्यांनाही नाही. दुपारी वर गेले तर बाकावर बाया नुसत्या बसलेल्या. कुणी पोर शेजारणीकडे ठेवून आलेली, कुणी कामावर खाडा करून. सिस्टर प्रत्येकीला "पुन्हा या" म्हणत होती. पुन्हा कोण येतंय? ती शिंपीणही होती, त्रास परत सुरू झालाय म्हणून आलेली. होणारच की. पाकीट कुंडीमागे टाकलं होतंस ना, म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही.

एक गंमत आहे. इतक्या शिकलेल्या माणसांत कुणाच्या डोक्यातही आलं नाही की मला आजार असू शकेल. माझ्याही नाही. आत्ता लिहिताना आलं, आणि हसू आलं.

२५ मार्च, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत स्टोअरचं दार लावून मी माझाच स्वॅब घेतला. मला फक्त स्वतःचे हात निर्दोष ठरवायचे होते. कोमट सलाइनमध्ये थेंब, स्लाइडवर काच, आणि धावतच मायक्रोस्कोपकडे, कारण हा प्राणी गार झाला की हलायचा थांबतो आणि मग पुवातल्या साध्या पेशीसारखा दिसतो.

हलत होता. एक, मग त्याच्या शेजारी दुसरा. झटके देत, शेपट्या वळवत, ओळखीच्या घरात फिरावं तसे.

मशीन चुकू शकतं. नळी बरबटू शकते. पण स्लाइडवर पोहणारं जिवंत काही हातमोज्यांतून येत नाही.

मी ते थांबेपर्यंत बघत राहिले. मग स्लाइड धुतली आणि वर जाऊन भात खाल्ला.

२६ मार्च, गुरुवार

टॉवेल. गेल्या महिन्यात नणंदेकडे राहिलो होतो, तिथला टॉवेल वापरला होता. पण टॉवेलवरून पसरल्याचं कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि नणंद ही अशी टापटिपीची.

लॅबमधूनच लागला असेल? कसा लागेल? मी नमुने काय अंगाला चोळते का?

हा जीव महिनोन् महिने गुपचूप राहतो, वर्षंही राहू शकतो. म्हणजे जुनाच असेल. किती जुना? लग्नाआधी माझं कुणाशी काही नव्हतं. एकानं हात धरला होता, तोही पावती देताना. सकाळपासून मी स्वतःचंच चारित्र्य तपासत बसलेय, आणि काहीच सापडत नाही म्हणून घाबरलेय.

ह्याला उगाच त्रास नको. आधीच त्याला पित्ताचं. शिवाय तो लगेच विचारेल, तुला कुठून झालं? आणि माझ्याकडे उत्तर नाही.

२७ मार्च, शुक्रवार

मॅडमनी सांगितलं: सोमवारी प्रकल्पाला पैसे देणारी माणसं येणार. त्यांच्यापुढे कबूल करायचं की आमच्या लॅबमध्ये गफलत झाली, आणि मार्चचे सगळे निकाल फेकून द्यायचे. ज्या बायांना पॉझिटिव्ह म्हणून शोधलं, त्या सगळ्या पुन्हा "माहीत नाही"मध्ये. "तुझ्यावर मी काही लिहीत नाहीये," मला म्हणाल्या, "पण पुढे नळ्या भरायला दुसरं कुणी बघते." प्रेमानं म्हणाल्या. पाठीवर हातही ठेवला.

एक वाक्य बोलले असते तर तिथल्या तिथे सगळं सुटलं असतं. नमुना चांगला आहे मॅडम, आजार मलाच आहे. तोंड उघडलं आणि चष्म्याकडे लक्ष गेलं. तो सँडविच खात होता. उद्यापासून हा माझ्याकडे बघून काय काय मनात आणेल? मी तोंड मिटलं.

वर जाऊन सिस्टरला म्हटलं, "दोन पाकिटं दे." कुणासाठी, ते तिनं विचारलं नाही. कपाटातून काढली, माझ्या हातात दिली, आणि हळूच म्हणाली, "टेप लावू का?"

"नको. पाठ आहे."

पहिली गोळी तिथेच तिच्यासमोर घेतली. ह्याचं पाकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात. घरी जाताना पर्स अशी धरली होती की एक जण म्हणाला, "ताई, बरं वाटत नाहीये का?"

३० मार्च, सोमवार (सकाळ, सगळ्यांच्या आधी येऊन लिहितेय)

शनिवारी ते पाकीट ह्याला द्यायचं ठरवलं. सकाळी हा दाढी करत होता, म्हटलं नंतर. नंतर सासूबाई भाजी निवडत बसल्या, नेमक्या आमच्या दोघांच्या मध्ये. दुपारी हा झोपला. संध्याकाळी मिशीवाले आले. बिअर उघडली, ह्यानं घेतली. पित्त गेलंय. पाकीट मी सॅनिटरी पॅडच्या पिशवीत लपवलं, कारण सासूबाईंचा हात घरभर फिरतो तरी तिथे जात नाही. मी कुंडी शोधत होते म्हणा ना! आमच्याकडे कुंडी असती तर टाकलंच असतं.

काल दुपारी चहा केला. एक घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं. मला वाटलं दूध नासलंय. मग पाणी प्यायले, तर पाण्यालाही. नाणं चघळावं तसं.

मी सासूबाईंना म्हटलं, "आई, पाणी जरा चाखून बघता? लोखंडासारखं लागतंय."

त्यांनी चाखलं. "नाही गं बाई. चांगलं आहे की." मग एकदम हसल्या. "तुझ्या नवऱ्याला नाही का अस्संच झालं होतं मागे? आता तुला. पित्तसुद्धा दोघांनी वाटून घ्यायचं ठरवलंय वाटतं!"

मी पेला तसाच हातात धरून उभी होते.

बिअर नको. पाण्याला चव. भिंतीकडे तोंड, आठवडाभर. आणि आठवडा संपल्यावर खांद्यावर हनुवटी. सिस्टरची अख्खी टेप माझ्या घरात वाजून गेली आणि मी पातेली घासत होते! नवीन पातेलं आणलं! त्याला कुणीतरी सांगितलं होतं. कुण्या डॉक्टरनं, नाहीतर कुण्या बाईनं, जिला तिच्या वाटची दोन पाकिटं मिळाली आणि जिनं दुसरं इमानानं पोचवलं. त्यानं ते घेतलं, बरा झाला, आणि मला तसंच ठेवलं. राग आला, इतका की पेला आपटावा वाटला. पण सासूबाई समोर बसल्या होत्या आणि म्हणत होत्या, "ओवा देऊ का चावायला?"

त्या वाण्याकडे गेल्यावर मी पाकीट आणून त्याच्यापुढे ठेवलं. तो मोबाइल बघत होता.

"हे काय?"

"तुला माहीत आहे. पाण्याला चव लागेल. शनिवारी मिशीवाल्यांना नाही म्हणून सांग."

त्यानं पाकीट उलटं केलं, सुलटं केलं. वजनकाटा तपासताना करतो तसा चेहरा. मग दाराकडे पाहिलं. मग एक वाक्य बोलला.

ते मला इथे लिहवत नाही.

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. आम्ही दोघांनीही एकदम टीव्हीकडे तोंडं वळवली. टीव्ही बंद होता.

३० मार्च, संध्याकाळ

बोलले.

पैसे देणारी तीन माणसं, मॅडम, चष्मा, मी. मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडून दूषित झालेला नमुना—" आणि मी उभी राहिले. उभं राहायची काही गरज नव्हती, शाळेत राहतो तशी राहिले.

"तो नमुना दूषित नव्हता. माझा होता. मी दुसऱ्या दिवशी स्वतःची स्लाइड पाहिली, जिवंत दिसले. मला आजार आहे. नळ्या बरोबर भरल्या होत्या."

 पाहुण्यांपैकी एकानं पेनाचं टोपण लावलं आणि काढलं. मॅडमचा चेहरा आधी लाल झाला, मग कामाला लागला. "म्हणजे मशीननं बरोबर पकडलं," त्या म्हणाल्या. "म्हणजे रन ग्राह्य. मार्च ग्राह्य." आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, "बस तू." यापुढे नुसता ठणठणीत दिसतो म्हणून कुणाचा नमुना लावायचा नाही, आधी तपासायचा, असंही ठरलं. इतक्या हुशार माणसांना हे आधी सुचायला काय झालं होतं?

चष्मा नंतर माझ्या टेबलाशी आला. मला वाटलं आता काहीतरी बोलणार. त्यानं हातमोज्यांचं नवं खोकं ठेवलं आणि म्हणाला, "मी चुकलो." बास. मी तोंड फिरवून रडले, कारण असं वाक्य कालपासून मला दुसऱ्या कुणाकडून हवं होतं.

दुपारी गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. सिस्टरनं निरोप पाठवून जमतील तेवढ्या बायांना बोलावलं, शिंपीणही आली. दोन पाकिटं घेऊन निघाली आणि जिन्याशी घुटमळली. मी खालीच उभी होते. मला पाहून तिनं पाकीट मुठीत दडवलं.

"टाकायला नाही आले," ती म्हणाली.

"टाका की. मी काही बोलत नाही."

ती बघत राहिली. मी पायरीवर बसले. ती पण बसली, एक पायरी सोडून.

"मी काल दिलं घरी," मी म्हटलं. "माझं दुसरं."

ती अंगुस्तान बोटात फिरवत होती. मग म्हणाली, "मारलं?"

"नाही."

"मग? काय म्हणाला?"

सकाळी लिहवलं नव्हतं, ते तिच्यापुढे सहज निघालं. "म्हणाला, आईला सांगू नकोस."

शिंपीण हसली नाही. मान हलवली, मापं घेताना हलवत असेल तशी. "आणि तुम्हाला? तुम्हाला काय म्हणाला?"

"मला काहीच नाही."

तिनं पाकीट पदराच्या टोकात बांधलं. गाठ दोनदा मारली. देईल की वाटेत टाकेल, कुणास ठाऊक. जाताना म्हणाली, "सांभाळून राहा हो." मी या बाईवर ओरडले होते.

३१ मार्च, मंगळवार

कालचं राहिलं ते.

घरी पोचले तर सासूबाई दारातच, चेहरा उजळलेला. स्वयंपाकघरात नवा कोरा पाण्याचा फिल्टर. भिशीचे पैसे मोडून आणलाय. "दोघांनाही तीच चव लागते म्हणजे पाण्यातच खोट. मला म्हातारीला कळत नाही, पण तुम्हा तरुणांच्या पोटाला त्रास नको. उद्या नातवंडं व्हायचीत."

हा टेबलाशी बसला होता. त्याच्यापुढे पेला भरलेला, तसाच. पाकीट त्यानं फोडलंय, सकाळी केराच्या डब्यात कागद पाहिला मी. माझ्याकडे पाहत नव्हता, पण कान माझ्याकडेच होते. मला ते सहा वर्षांच्या सवयीनं कळतं.

सासूबाईंनी पेला धुतला, फिल्टरचा नळ सोडला, काठोकाठ भरला आणि माझ्या हातात दिला. हात पदराला पुसत समोर उभ्या राहिल्या.

मी प्यायले. तोंडभर लोखंड.

"आता कसं लागतंय?"

"छान लागतंय, आई," मी म्हटलं.